काट्यावरचा आकडा कार्डातच राहतो

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

शहापूरच्या पाड्यावरची एकोणीस वर्षांची पोर, वजन ३८ किलो. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली अडतिशीतली बाई, वजन ८४ किलो. जिल्हा एकच, ठाणे. दोघींचंही बाळ ३७ आठवडे भरायच्या आत जन्मण्याची भीती जास्त, फक्त कारणं वेगळी. अशक्त पोरीला अवेळी कळा सुरू होतात. वाढलेल्या वयात आणि वजनात बीपी किंवा साखर चढते, मग डॉक्टरांनाच बाळ आधी काढावं लागतं.

आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, त्यामुळे वजन कसं होतं ते ठाऊक आहे. रांग मोठी, बाई चपलांसकट काट्यावर चढते, आकडा कार्डावर उतरतो आणि तिथेच राहतो. उंचीच्या हिशेबात ते वजन कमी की जास्त, हे बघायला कुणाला सवड नसते. ते पहिल्या तीन महिन्यांतच बघायला हवं. सातव्या महिन्यात काट्यावर बाळ आणि पाणीही आलेलं असतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातल्या वजनाचा आकडा, १८.५ च्या खाली असेल तर कुपोषण, आपल्याकडच्या बायांत २५ च्या वर लठ्ठपणा. सल्ला मात्र सगळ्यांना तोच, दहा-बारा किलो वाढव. पाड्यावरच्या पोरीला तेवढं पुरत नाही, टॉवरमधल्या बाईला ते जास्त होतं.

आणि वयाचं खापर पोरींवर फोडू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ती लग्नं त्यांनी ठरवली नव्हती.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी होते, तिथे जोखमीच्या कार्डाला लाल स्टिकर लागतं. ते वय आणि पहिल्या तिमाहीतला बीएमआय एकत्र बघून लावायचा आदेश काढा, खासगी दवाखान्यांनाही. टॉवरमधल्या बाईची साखर पहिल्याच भेटीत तपासली जावी, आणि बीपी चढू नये म्हणून बाराव्या आठवड्यानंतर ॲस्पिरिनची छोटी गोळी लागेल का हे डॉक्टरांनी तेव्हाच ठरवावं. आदिवासी भागातल्या गरोदर बायांना अंगणवाडीत मिळणारं अमृत आहार योजनेचं जेवण शेवटच्या तिमाहीत सुरू होतं. ३८ किलोच्या पोरीला ते नोंदणीच्या दिवसापासून द्या. दिवाळीनंतर तिचं कुटुंब वीटभट्टीवर जातं, कार्ड पाड्यावर आणि पोर भट्टीवर. तेव्हा भट्टीच्या गावातल्या अंगणवाडीतही तिला ताट मिळेल, एवढी सोय याच हंगामाच्या आत व्हावी.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, कळवा