…आणि मला जाग आली!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जादुई वास्तववादावरचा, म्हणजे अचाट गोष्ट रोजच्या व्यवहारासारखी सहज सांगण्याच्या रीतीवरचा, लेख वाचला. लेखकमहाशयांचा व्यासंग दांडगा आहे, यात शंका नाही. पण कोलंबियाचे कादंबरीकार मार्केझ यांना १९८२ साली नोबेल मिळालं आणि मग हे वारं मराठी कथेत शिरलं, हे वाचता वाचता हातातला चहा निवला. वेंगुर्ल्याकडचे कथा-कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ मध्येच गेले. जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया' हा कथासंग्रह १९७२चा. असंच लिहिणाऱ्या या दोघांना स्टॉकहोमहून आगाऊ तार आली होती काय? बरं, 'जादुई वास्तववाद' हा शब्दही मुळात लॅटिन अमेरिकेचा नव्हे. फ्रान्झ रो या जर्मन समीक्षकाने तो १९२५ साली चित्रांसाठी वापरला. असो, नावाशी माझं भांडण नाही.

माझं आजोळ कोकणात, आरवलीजवळ. तिथल्या ग्रामदैवताला, वेतोबाला, चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री राखणीला फिरतो म्हणून त्या झिजतात, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. आजी देवळातून आली की पदराने घाम पुसत म्हणायची, "अवंदा टाच जास्त झिजली हा. पावसात फिरूचा लागता ना तेका!" आणि त्याच दमात चुलीवरच्या पेजेची चौकशी. आवाज खाली नाही की डोळे मोठे नाहीत. मार्केझनीही मुलाखतीत हेच सांगितलंय: त्यांची आजी अचाट गोष्टी चेहऱ्यावरची रेषा न हलवता सांगायची, तोच सूर त्यांना लिहिताना सापडला. त्यांच्या आजीचं साहित्य झालं, आमच्या आजीची मात्र अंधश्रद्धा!

एवढं झोंबण्याचं कारणही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी मी याच चपलांवर एक कथा लिहून एका दिवाळी अंकाला पाठवली. चपला शिवणारा म्हातारा स्वतःच सांगतोय, की तो रात्री माप घ्यायला देवळात गेला आणि देव म्हणाला, 'डावा अंगठा लागतो रे, जरा सैल कर.' बस, एवढीच गंमत. अंक आला. बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होतो, तर शेवटी माझ्या हातची नसलेली एक ओळ: 'आणि मला जाग आली.' फोन केला, तर तिकडून उत्तर, "वाचकांचा गोंधळ उडतो हो." विठ्ठल जनीबरोबर दळायला बसतो हे ज्या वाचकाला कधी खटकलं नाही, त्याचा म्हणे चपलेच्या मापाने गोंधळ उडतो! मानधन अजून आलेलं नाही. तेही बहुधा स्वप्नातच धाडलं असावं.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीतली, चाळीच्या नळाला एका सकाळी समुद्र येतो ती कथा झकास रंगली होती. बाई बादली घेऊन उभी, पायाशी खेकडे, आणि खाली 'उर्वरित पान ७ वर'. पान उलटलं, तर तिथे फ्लॅटची पानभर जाहिरात, 'चोवीस तास पाणी' या खुलाशासह. पेपरवाल्याकडून दुसरा अंक मागवला, त्यातही तेच. उरलेली कथा पुढच्या रविवारी छापणार असाल तर उत्तमच. जागा नसेल, तर त्या बाईला शेवटी जाग येत नाही ना, एवढं तरी कळवावं.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)