जीर्णोद्धाराआधी माथ्यावरचे ओझे उतरवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अंबाबाई मंदिर परिसरासाठी सुमारे १,४४५ कोटी आणि जोतिबा डोंगरासाठी सुमारे २५९ कोटी रुपयांच्या विकास आराखड्यांना राज्य मंत्रिमंडळाने ६ मे २०२५ रोजी चौंडी येथील बैठकीत मंजुरी दिली, तेव्हापासून या कामांविषयी वृत्तपत्रांत पुष्कळ छापून आले आहे. वाहनतळ कोठे होणार, कोणाची दुकाने हलणार, भरपाई किती मिळणार, यावर वादही झाले आणि ते व्हायलाच हवेत. ज्यांचे पोट त्या गल्लीवर आहे त्यांनी बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? परंतु ज्या दगडी वास्तूभोवती हा सगळा खर्च होणार आहे, ती वास्तू उद्या जमीन हलली तर कशी वागेल, हा प्रश्न या चर्चेत मला कोठे दिसला नाही. बांधकामांवर तीस वर्षे घालवलेला एक निवृत्त अभियंता म्हणून तो येथे मांडत आहे.

कोल्हापूर भूकंपाच्या टापूत आहे, हे आपण सोयीने विसरतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात फडताळातली पितळी भांडी एकामागून एक खाली आली आणि आजीने आम्हा तिघा भावंडांना अंथरुणासकट ओढत अंगणात आणले, एवढे मला स्वच्छ आठवते. कोयनानगर परिसरात त्या पहाटे सुमारे १८० माणसे गेली. कोयनानगर ते कोल्हापूर हे सरळ रेषेतले अंतर शंभर किलोमीटरही नाही. देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात कोयनेचा पट्टा चौथ्या आणि आपला जिल्हा तिसऱ्या विभागात दाखवला जात आला आहे, आणि कोयनेच्या परिसरात लहान धक्के आजही बसतात. त्यामुळे आपल्याकडील प्रत्येक जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार हा भूकंपाच्या टापूतला जीर्णोद्धार आहे, हे गृहीत धरूनच कामाला हात घातला पाहिजे.

प्रत्यक्षात काय होते, याचे मी जवळून पाहिलेले एक उदाहरण देतो. पन्हाळा तालुक्यातील आमच्या मूळ गावी महादेवाचे जुने दगडी देऊळ आहे. त्याचा सभामंडप पावसाळ्यात गळू लागला, तेव्हा ग्रामस्थांनी वर्गणी काढली आणि ठेकेदाराने जुन्या कोब्यावरच, म्हणजे चुना-खडीच्या थरावरच, चार इंच जाडीचा सिमेंट काँक्रीटचा स्लॅब ओतला. गळती थांबली, म्हणून सगळे खूश झाले. मीही वर्गणी दिली होती आणि मीही खूश होतो. पुढे चार वर्षांनी एका सोमवारी प्रदक्षिणा घालताना आतल्या एका तुळईच्या मध्यभागी केसासारखी भेग दिसली. मी त्या भेगेवर काचेची एक पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंनी चिकटवून घेतली आणि तिच्यावर तारीख घातली. ही युक्ती आमच्या धंद्यात फार जुनी आहे : भेग हलती असेल तर काच तडकते, थांबलेली असेल तर राहते. अडीच महिन्यांत काच तडकली. गावातल्या सत्तरीच्या पाथरवटाला बोलावले. त्याने हातोडीच्या मागच्या बाजूने तुळई टोकापासून टोकापर्यंत वाजवली, मधल्या भागात आवाज बद्द आला, आणि वर न चढताच तो म्हणाला, "सायेब, वर काय घातलंय ते आदी उतरवा."

मग मी गणित मांडले, जे स्लॅब ओतण्याआधी मांडायला हवे होते. मंडप वीस फूट लांब, वीस फूट रुंद. त्यावर चार इंच काँक्रीट म्हणजे नऊ टनांहून अधिक वजन. खालच्या जुन्या कोब्याचे वेगळे. मूळ कारागिरांनी ज्या तुळया आणि खांब आपल्या हिशेबाने उभे केले, त्यांच्या डोक्यावर आम्ही वर्गणी काढून दोन-तीन हत्ती कायमचे बसवले होते.

उभ्या वजनाने तुळईला भेग पडते, ही अर्धीच गोष्ट झाली. भूकंपात जमीन मुख्यतः आडवी हलते आणि इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. वजन जितके उंचावर, तितका खांबांच्या बुंध्याशी येणारा ताण जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे गेली, त्यातली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरच्या माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, सापडली. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर टाकायची तिकडे रीत होती. वर्षानुवर्षांच्या त्या थरांनीच घात केला. जुन्या देवळांवर आपण कोबा, त्यावर स्लॅब, त्यावर चिनी मातीच्या फरशीचे तुकडे, त्यावर पाण्याची टाकी चढवतो, ते यापेक्षा वेगळे काय आहे?

दुसरी अडचण ताठपणाची. आपली दगडी देवळे बहुतांशी घडीव दगड एकमेकांवर बसवून, खाच आणि तिच्यात बसणारे कुसू (टोक) जुळवून उभी केलेली आहेत. हादरा बसला की असे दगड सांध्यांत किंचित सरकतात, खांब थोडा डुलतो आणि पुन्हा बैठकीवर येतो. या सरकण्यात आणि घासण्यात धक्क्याचा काही भाग जिरतो. त्याच सांध्यांत सिमेंट भरले किंवा वरचा अर्धा भाग काँक्रीटने जखडून टाकला की सगळा ताण जखडलेल्या आणि मोकळ्या भागांच्या सीमेवर गोळा होतो. शिवाय सिमेंट पाण्याची वाफ बाहेर पडू देत नाही. ओल दगडात अडकते, क्षार वर येतात आणि कोरीवकामाचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो, आधी तो झिजतो आणि पुन्हा भरता येतो.

शेजारच्या नेपाळने याची किंमत मोजली आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात काठमांडूचा काष्ठमंडप कोसळला; आत रक्तदान शिबिर चालू होते आणि तेथे माणसे दगावली. ज्या वास्तूवरून शहराचे नाव पडले असे मानतात, ती पडल्यावर साहजिकच पहिला संशय पायावर गेला. पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले तेव्हा हजार वर्षांहून जुना विटांचा पाया धडधाकट निघाला. दोष निघाला तो वेगळ्याच ठिकाणी. मधल्या चार मुख्य लाकडी खांबांपैकी एकाचा बैठकीच्या दगडाशी असलेला सांधा पूर्वीच तुटलेला होता आणि वर घातलेल्या फरशीमुळे तो कोणाच्या नजरेस येत नव्हता. पुनर्बांधणीच्या वेळी स्थानिक नागरिकांनी पारंपरिक लाकूड, वीट आणि मातीचाच आग्रह धरला. वाद झाले, वेळ लागला, पण २०२२ मध्ये वास्तू उभी राहिली. त्याच शहरातल्या राणीपोखरी या सतराव्या शतकातील तलावाच्या कामात आधी काँक्रीट वापरले गेले, लोक रस्त्यावर आले आणि ते काँक्रीट काढून वीट-मातीत काम नव्याने करावे लागले.

काष्ठमंडपाची हकिगत वाचली तेव्हा मला अंबाबाई मंदिरातला आपला गरुड मंडप आठवला. त्याचे लाकडी खांब बदलण्याचे काम निघाले, तेव्हा वरून रंगरंगोटी केलेला खांब खाली किती पोखरलेला असू शकतो, याची कल्पना कोल्हापूरकरांना आली. फरशीखालचा सांधा उघडून पाहिल्याशिवाय खांब सुस्थितीत आहे असे कोणीही लिहून देऊ नये.

इटलीतील असिसी येथील सेंट फ्रान्सिसच्या चर्चचे छत २६ सप्टेंबर १९९७ रोजी कोसळून चार जण ठार झाले, त्यांत रात्रीच्या पहिल्या धक्क्यानंतर पाहणीसाठी आत गेलेली माणसे होती. तपासात आढळले की शतकानुशतके छपराची दुरुस्ती करताना पडलेला राडारोडा कमानींच्या पाठीवर साचत गेला होता. पुढे जीर्णोद्धारात पहिले काम झाले ते हा भराव काढण्याचे. माझ्या गावच्या देवळाचे आणि असिसीचे दुखणे एकच निघाले, याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडी लाजही वाटली.

आता घरच्या वास्तूंकडे वळतो. अंबाबाई मंदिराचे खालचे बांधकाम काळ्या दगडाचे आणि वरची शिखरे नंतरच्या काळातली, वीट-चुन्याची आहेत. दोन साहित्यांचे कंपन सारखे नसते, त्यामुळे शिखर जेथे दगडावर बसते तो सांधा भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक समजला पाहिजे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा प्रश्न आणखी निराळा आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये जतनासाठी निवडलेल्या आठ प्राचीन मंदिरांत त्याचा समावेश झाला, ही समाधानाची बाब आहे. तेथील स्वर्गमंडप ४८ खांबांचा, मध्ये आकाशाला उघडा. छताचे दगड गोलाकार रांगांनी पुढे सरकवत आणलेले आणि मध्यभागी झाकणाचा दगडच नाही. अशा रचनेत एक खांब कलला तर शेजारचे वर्तुळ सैल होते. त्यातच मंदिर कृष्णेकाठी आहे आणि २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांनी त्या काठाची काय अवस्था केली ते शिरोळकरांनी पाहिले आहे. पुराने पायाखालची माती धुपली किंवा खचली असेल तर तो खांब हलक्या धक्क्यालाही दाद देईल. पूर आणि भूकंप यांच्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर असतात. जमीन मात्र एकच असते.

चुन्याचे काम जाणणारे गवंडी राहिले नाहीत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो निम्मा खरा आहे. चुना भिजवून मुरवायला आठवडे लागतात, घाणीवर मळावा लागतो, आणि निविदेतल्या मुदतीला हा वेळ परवडत नाही. सरकारी दरसूचीत काँक्रीटचा दर चटकन सापडतो, आणि मग ज्याचा दर सापडतो तेच काम सुचते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे आणि कधीकधी केलेही आहे. मात्र पाथरवट, गवंडी आणि सुतार यांना वर्षभराचे काम व वाजवी मजुरी दिली तर कसब परत येते, असा माझा अनुभव आहे. आधुनिक साहित्याला माझा सरसकट विरोधही नाही. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेले लोखंडी आकडे गंजून फुगले आणि त्यांनी संगमरवर फोडला; ते काढून आता टायटॅनियमचे बसवले जात आहेत. साहित्य नवे असावे की जुने हे प्रत्येक सांध्यावर ठरेल, पण घातलेली वस्तू पुढच्या पिढीला दगड न फोडता काढता आली पाहिजे.

माझी विनंती एवढीच आहे की अंबाबाई, जोतिबा आणि खिद्रापूर येथील कोणत्याही मूळ वास्तूला हात लावण्यापूर्वी तिचे त्रिमितीय मोजमाप व्हावे, छतावर मागाहून चढलेल्या थरांचे वजन काढावे, प्रमुख खांबांच्या बैठका तपासाव्यात आणि भेगांवर किमान एक पावसाळा व एक उन्हाळा नजर ठेवावी. या पाहणीचा अहवाल मराठीत, निविदा निघण्यापूर्वी, कोणालाही वाचता येईल असा प्रसिद्ध करावा. मंजूर रकमेच्या मानाने या पाहणीचा खर्च अगदीच किरकोळ असेल.

आमच्या गावच्या देवळावरचा स्लॅब गेल्या उन्हाळ्यात उतरवला. यंत्राचा हादरा नको म्हणून छिन्नी-हातोडीने तुकडे काढले आणि पाट्यांनी खाली आणले, त्याला एकोणीस दिवस लागले. वर आता मुरवलेल्या चुन्याचा पातळ थर आहे. तुळईवर नवी काच बसवली आहे, आणि गुरव दर सोमवारी पूजेआधी ती पाहून मला फोन करतो.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
मंगळवार पेठ, कोल्हापूर