संज्या, वाच आणि फोन कर

संज्या,

तब्येत बरी आहे, शुगर कंट्रोलमध्ये आहे, ते सोड. हे तुलाच लिहितोय कारण काकांची सैन्यातल्या डिसॅबिलिटी पेन्शनची केस तू जवळून बघितलीयस, इथे कुणाला सांगू?

इथे अमेरिकेत आमच्या शेजारचा म्हातारा, व्हिएतनाम युद्धातला सैनिक, त्याचा हेपटायटिस सीचा (लिव्हरच्या आजाराचा) भरपाईचा क्लेम सरकारने परत नाकारला. १९६८ला भरती झाला तेव्हा पोरांना रांगेत उभं करून जेट गनने, म्हणजे सुईशिवाय दाबाने लस आत मारणाऱ्या यंत्राने, लसी द्यायचे, एकाच्या दंडावर रक्त आलं तरी पुढच्याला तीच गन. या आजाराचा व्हायरस सापडला १९८९ला, म्हणजे तेव्हा कुणाला काय कळणार! आणि इथल्या सरकारनेच २००४ला लिहून ठेवलंय की ठोस पुरावा नसला तरी या गनमधून लागण होऊ शकते. कायदाही असा की दोन्ही पारडी सारखी झाली तर निकाल सैनिकाच्या बाजूने.

मग नाकारलं का? तर मागे कधीतरी त्याने डॉक्टरला खरं सांगितलं, की व्हिएतनाममध्ये असताना एकदा नशेची सुई घेतली होती. फायलीतलं ते एक वाक्य तपासणाऱ्याने उचललं, आणि ड्रग्जने झालेल्या आजाराला भरपाई नाही. खरं बोलला म्हणून मार खातोय रे तो. गोळ्यांनी व्हायरस गेला, पण लिव्हरचा सिरॉसिस राहिलाय, आणि लोक म्हणतात बरा झालास ना, मग कशाला भांडतोस?

तू म्हणशील लोकांच्या भानगडीत पडतोस. म्हण, तो वाद अकरावीपासूनचा आहे, आणि कॅरमचे पैसे तू अजून दिलेले नाहीस.

नवा पुरावा जोडून सप्लिमेंटल क्लेम टाकता येतो, निकालापासून वर्षभरात टाकला तर पैसे जुन्या तारखेपासून धरतात, नाहीतर वर्षभरातच वॉशिंग्टनच्या सैनिकांच्या अपील बोर्डाकडे अपील. त्याच्या मागे रांगेत उभा असलेला दोस्त लिहून द्यायला तयार आहे, लिव्हरच्या डॉक्टरचं पत्र मिळालं, की गनची शक्यता निदान सुईइतकी तरी आहे, तर केस उभी राहते. पण म्हातारा सहीच करत नाही. मुलीला सुईचं कळेल म्हणतो. तिला कळू नये म्हणून हक्काचे पैसे सोडायला निघालाय आणि मला ते बघवत नाही.

काकांनीपण 'नोकरीमुळे नाही' हा शेरा वाचून सगळे कागद ट्रंकेत टाकले होते ना? सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग केसमधला २०१३चा निकाल तू वाचून दाखवलास, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतलाच धरायचा, तेव्हा कुठे उठून बसले. पण सहीला राजी काकूंनी केलं. त्या काय बोलल्या ते त्यांना नीट विचार, शब्द न् शब्द. म्हाताऱ्याची वर्षाची मुदत नोव्हेंबरपर्यंतच आहे.

रियाच्या ॲडमिशनचं ऐकून फार बरं वाटलं. गच्चीचं गळणं थांबलं का? फोन तुमच्या सकाळी कर, तेव्हा मी जागाच असतो.

तुझा,
दिप्या