झडती सराफाची, उघडे पडणार गिऱ्हाईक

महोदय,

प्राप्तिकर कायदा, २०२५ (अंमल १ एप्रिल २०२६पासून) याच्या कलम २४७ने झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यांना पासवर्ड ओलांडून ईमेल, समाजमाध्यमे आणि क्लाउडमध्ये शिरण्याची मुभा दिली आहे. करचुकवेगिरी पकडावी, यात दुमत नाही. आमच्या जळगावच्या सराफ बाजारात सगळेच व्यवहार बिलावर होतात, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही! पण सराफाचा फोन म्हणजे नुसती खातेवही नव्हे. रावेरकडच्या केळीवाल्याने लेकीच्या लग्नासाठी मोडायला काढलेल्या पाटल्यांचे फोटो, त्यांचे वजन, वर ‘घरात बोलू नका’ असा निरोप, हे सगळे त्यातच असते. त्याचा माझ्या कराशी काय संबंध?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. गंमत म्हणजे, त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने झडतीमागचे कारण अपिलीय न्यायाधिकरणालाही सांगायची गरज नाही, असे करून ठेवले. कारणच कळले नाही, तर प्रमाण मोजायचे कशाने?

दुकानाची तिजोरी खुशाल उघडा. फोन आणि क्लाउडसाठी मात्र आधी दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी सक्तीची करावी आणि हिशेबाशी संबंध नसलेल्या मजकुराची नक्कल घेण्यास मनाई असावी. आमच्या खासदारांनी ही दुरुस्ती संसदेत मांडावी.

– एक सराफ व्यावसायिक, जळगाव