फ्रिजवाल्या काकांना, ड्रॅक्युलाकडून आणि माझ्याकडून

काका, स. न. वि. वि.

तुम्ही करून दिलेल्या व्हिजी कूलरमध्ये, म्हणजे काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये, परवा ड्रॅक्युला सिमिया या ऑर्किडला फूल आलं. फोटो पाठवला तर तुमचं उत्तर, "माकड आहे का हे?" हो काका, लोक माकडच म्हणतात त्याला. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ठीक आहे, ठीक आहे" करून फोन ठेवता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. पुण्यात आणखी कुणाला हा नाद असेल तर त्यांच्याही कामी येईल.

ही ऑर्किडं इक्वेडोर, कोलंबिया, पेरूकडच्या अँडीजमधली. दीड-दोन हजार मीटरवर आणि त्याच्याही वर, जिथं ढग झाडांमध्येच मुक्कामाला असतात, तिथली. दिवसा २०-२२ अंश, रात्री १०-१३, आणि हवा कायम ओली. ड्रॅक्युला आणि त्याची चुलत भावंडं मॅस्देवालिया, या मंडळींना पाणी साठवायला फुगीर खोडं नसतात, त्यामुळे कोरडी हवा सोसत नाही. आपल्याकडचं ऑर्किड, सीतेची वेणी, बाल्कनीत पुण्याचा उन्हाळा काढते. यांना एप्रिलमधली ३८ अंशांची दुपार म्हणजे शिक्षाच. "महाबळेश्वरला ठेवा की," असं सुचवणारे पुष्कळ भेटले. तिथंही उन्हाळ्यात पारा तिशीपार जातो, आणि मी राहते कोथरूडला.

बंद पडलेल्या कोल्ड्रिंकच्या दुकानातला काचेच्या दाराचा कूलर मिळाला, तेव्हा बाकीच्या मेकॅनिकांनी "मॅडम, यात बाटल्याच ठेवा" म्हणून बोळवण केली. तुम्ही खाली बसलात, मागची जाळी काढलीत आणि आधी विचारलंत, "ओल किती पाहिजे?" गारव्याचं नंतर.

तो प्रश्न मला कुठल्याही ऑर्किडवाल्याने विचारला नव्हता. हवा गार करणारी कॉईल जितकी थंडगार, तितकं हवेतलं पाणी तिच्यावर धरतं, आणि ते नळीने खाली कंप्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जाऊन बाहेरच उडून जातं. फ्रिजमध्ये कोथिंबीर उघडी राहिली की सुकते, तेच झाडांचं होणार होतं. तुम्ही कॉईलवर जास्त हवा फेकणारा पंखा बसवलात, म्हणजे कॉईल फार गार होत नाही आणि पाणी कमी ओढते. जे काही धरतं, त्याची नळी वळवून आतल्याच ट्रेमध्ये सोडलीत. आता आतला ओलाव्याचा मीटर ८०-८५ टक्के दाखवतो. आर.ओ.च्या पाण्यावर चालणारा छोटा फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, आहेच, पण त्याला फारसं काम पडत नाही.

मूळचा थर्मोस्टॅट बाटल्यांसाठीचा, म्हणजे झाडांना गारठवणारा. तो काढून तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, डिजिटल कंट्रोलर आणलात. दिवसा २१, रात्री १२. कंप्रेसर थांबला की निदान पाच मिनिटं परत चालू होऊ द्यायचा नाही, गॅसचं प्रेशर बसू द्यायचं, हेही तुम्हीच बजावलंत. झाडांवरच्या दिव्यांना वीज पुरवणारे, तापणारे ड्रायव्हर कूलरच्या बाहेर काढलेत, कारण "आत हीटर ठेवून कूलर चालवायचा कशाला?" आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते म्हणून तळाशी पाण्याने भरलेल्या बाटल्या रचायला लावल्यात. शेवटी यात बाटल्या आल्याच! वीज गेली तरी आतला पारा सावकाश चढतो.

आता फुलाबद्दल, कारण तुम्ही नीट पाहिलेलं नाही. याचा दांडा वर येत नाही. तो शेवाळातून खाली घुसतो आणि जाळीच्या टोपलीच्या बुडातून बाहेर लोंबतो, म्हणून याला कुंडी चालत नाही. तीन लांब शेपट्या, आतून बारीक लव. मधोमध दोन काळसर ठिपके, ते डोळे, त्याखाली नाक, आणि फिकट रंगाचा ओठ, रेघारेघांचा, उलट्या अळंबीसारखा. १९७८ साली ऑर्किडतज्ज्ञ कार्लाइल लुअर यांनी मॅस्देवालियातून ड्रॅक्युला हा अख्खा गट वेगळा काढला. अळंबीवर घोटाळणाऱ्या बारीक माश्या या ओठाला भुलतात आणि परागीभवन करून जातात. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मग माश्या पण आणायच्या का?" नको, तेवढं राहू द्या. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तर फूल मान टाकतं, बंद केलं की सावरतं. त्यामुळे पाहुण्यांना काचेतूनच दर्शन.

पावसाळ्यात काच बाहेरून घामेजते, तेव्हा जमिनीवर फडकं घालावं लागतं. याच्यावर काही उपाय असेल तर सुचवा.

एक तक्रार मात्र आहे. बिलात तुम्ही "फुलांचा फ्रिज, मजुरी" एवढंच लिहिलंत, कंट्रोलरचे पैसे लावलेच नाहीत. उन्हाळ्याआधी गॅस बघायला याल तेव्हा पाकीट तयार असेल. "राहू द्या हो" चालणार नाही. चहा घेऊनच जायचं, आणि काकूंनाही घेऊन या, त्यांना माकड बघायचंय म्हणालात ना.

आपली,
कोथरूडची ऑर्किडवाली