काकू, तुम्ही डबा पाठवला नाहीत म्हणून आभार

प्रिय काकू,

नाव छापायचं नाही, या अटीवर तुम्ही हे पत्र उघडपणे लिहू दिलंत. तेव्हा वाचणाऱ्यांसाठी तुम्ही नुसत्या ‘काकू’. ओळखणारे ओळखतीलच. इतकं ठणकावून बोलणारं आपल्या ओळखीत दुसरं आहे कोण?

माझी नोकरी गेली आणि घर एका पगारावर आलं. हप्ते, शाळेची फी, विजेचं बिल, औषधं, यातलं काही आपल्या मर्जीने कमी होत नाही. हात घालता येतो तो फक्त जेवणाच्या खर्चात, आणि घरी मी असल्यामुळे स्वयंपाकही माझ्याकडे आला होता. तेव्हा पुष्कळांनी धीर दिला, काहींनी पैसे देऊ केले, त्यांचा मी ऋणी आहे. तुम्ही मात्र एक वही घेऊन आलात आणि चहा घ्यायच्या आधीच म्हणालात, “कपाटं उघड.”

त्या दिवशी आपण बाजाराची यादी केलीच नाही. घरात काय आहे याची यादी केली. चार-चार मुठी उरलेल्या डाळी, फळीच्या मागे सरकलेली कडधान्यांची पाकिटं, सुकत चाललेली गाजरं, सगळं वहीत उतरलं. मग तुम्ही रकाने पाडलेत: दोन दिवसांत वापरायलाच हवं ते, आठवडाभर टिकेल ते आणि महिनोन्महिने हलणार नाही ते. आठवड्याचा बेत पहिल्या रकान्यापासून सुरू करायचा आणि त्यात जे कमी पडेल तेवढंच विकत आणायचं. ‘आज काय खावंसं वाटतंय’ यापेक्षा ‘आज काय संपवायला हवं’ हा प्रश्न आधी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आमच्या खर्चाचं गणित इथेच बदललं. पुढे कधीतरी वाचलं की संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतलं होतं. तुम्हाला हे सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, “त्यासाठी अहवाल कशाला, कचऱ्याची बादली बघायची.”

कडधान्यांवरून तर तुम्ही माझी शाळाच घेतलीत. सुक्या कडधान्यात वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के प्रथिनं असतात, भिजवून शिजवल्यावर कडधान्यं दुपटीहून अधिक भरतात आणि कोरडी ठेवली तर महिनोन्महिने टिकतात. एवढ्या पैशांत एवढं देणारं दुसरं फारसं काही नाही. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी धान्यात लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, म्हणून दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. मांस परवडत नाही म्हणून मुलांचं काय होईल, ही माझी धास्ती या एका गोष्टीने बरीच उतरली. वर लिंबू पिळायला सांगितलंत ते चवीसाठी असेल असं मला वाटलं होतं. ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी लागतं आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर तेच लोह कमी शोषलं जातं, हे तुमच्याकडून कळलं. चहा तेव्हापासून तासभर पुढे ढकलला आहे. कुरकुर करतो, पण पाळतो.

टोमॅटो किंवा कुठलंही आंबट दाणे मऊ झाल्यावरच घालायचं, नाहीतर ते शिजायला हट्ट करतात आणि गॅस जळत राहतो, हेही तुमचंच. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून वेळ वाचतो आणि इंधनही. राजम्याच्या बाबतीत मात्र तुम्ही अजिबात सूट दिली नाहीत. रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकायचं, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने जोरदार उलट्या होतात आणि मंद आचेवर कोमट-कोमट ठेवला तर ते नीट नष्ट होत नाही. काटकसरीचे सल्ले देणारे हे सहसा सांगत नाहीत. तशीच गोष्ट उरलेल्या भाताची. भात शिजवूनही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. तो तासन् तास ओट्यावर राहिला तर त्यात असं विष तयार होऊ शकतं जे पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून पसरट भांड्यात लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. पैसे वाचवायला म्हणून उरलेलं खायचं आणि मग डॉक्टरकडे जायचं, यात कसली बचत?

आता माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा सल्ला. मी यादीतून मसाले, लसूण आणि तेल खोडायला निघालो होतो, तेव्हा तुम्ही पेन काढून घेतलंत. “चवीला कात्री लावलीस तर ताटात उरेल, आणि उरलं की तेच महाग,” असं म्हणालात. कांदा घाई न करता तांबूस होईपर्यंत परतायचा, मसाला कोरडाच भाजून मग कुटायचा, शेवटी काहीतरी आंबट. यातल्या कशालाही फारसे पैसे पडत नाहीत, फक्त शेगडीपाशी उभं राहावं लागतं. फ्लॉवरचे दांडे, बिटाची पानं, कोथिंबिरीच्या काड्या हे सगळं तेव्हापासून आमच्याकडे भाजी म्हणूनच गणलं जातं. एकाच मोठ्या भांड्यातल्या शिजलेल्या चण्यांचं पहिल्या दिवशी रस्सा, दुसऱ्या दिवशी भाज्या घालून परतलेलं काहीतरी आणि उरलेल्याचं कुस्करून कटलेट होतं. मुलांना ‘तेच ते’ वाटत नाही. निदान तोंडावर तरी म्हणत नाहीत.

खरेदीचं तुम्ही झटकन उरकलंत: पाकिटाची किंमत न बघता किलोमागचा दर बघायचा, उपाशीपोटी बाजारात जायचं नाही, हंगामातली भाजी घ्यायची. मोठं पाकीट स्वस्त पडतं, पण ते संपणार असेल तरच.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी अजूनही सहमत नाही. स्वस्तात स्वयंपाक करायला काही लागत नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. वेळ लागतो, काकू. भिजवायला आठवण लागते, निवडायला हात लागतात, फ्रीज आणि धड शेगडी लागते. मी घरी होतो म्हणून जमलं. दोन पाळ्या करून रात्री परतणाऱ्या माणसाला ‘कडधान्यं भिजव’ असं नुसतं सांगणं अन्यायाचं आहे. तुम्ही मला नुसतं सांगितलं नाहीत, सुरुवातीला रविवारी येऊन माझ्याबरोबर आठवड्याचं वाटण केलंत, कडधान्यं शिजवून डब्यांत भरून फ्रीजरला लावलीत. मला जे पोचलं ते या सोबतीमुळे पोचलं, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे.

आणि डबा. तुम्ही डबा पाठवत नाही म्हणून बायकोला सुरुवातीला जरा नवल वाटलं होतं. पुढे तीच म्हणाली की रोज कोणाचा तरी डबा आला असता तर मुलांनी आपल्याकडे नाही हेच आधी शिकलं असतं. तुम्ही आमच्याकडे जेवायला बसायचात, मीठ कमी पडलंय म्हणून सांगायचात आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचात. गरिबीची दया करणारा माणूस दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. मुलांसमोर माझी मान ताठ राहिली ती त्या वाढून घेतलेल्या भातामुळे, हे मी तुम्हाला समोरासमोर कधीच सांगू शकलो नसतो.

आता काम मिळालं आहे, पगार जुन्यापेक्षा थोडा कमी आहे. तुमची वही अजून माझ्याकडेच आहे आणि परत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. चण्यात चिमूटभर सोडा घालावा की नाही हा आपला वाद मात्र मी सोडलेला नाही. दाणे लवकर मऊ होतात हे मान्य, पण त्याने ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होतं. या रविवारी जेवायला या. मी बिनसोड्याचे शिजवतो, कच्चे निघाले तर बोला.

तुमचा,
शेजारचा स्वयंपाकी