राजीनाम्याचं उशिरा सांगतेय

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "साखर एकदम नॉर्मल." मी म्हटलं, "ऑफिसात सगळं छान." दोन्ही थापा. बाबांच्या डायरीचा फोटो ताईने मला पाठवलाय, जेवणानंतर 260. आणि माझं ऑफिस गेल्या महिन्याच्या 30 तारखेलाच सुटलं. फोनवर आईचं "अगं बाई" ऐकायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र.

धायरीत एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमागची शेड भाड्याने घेतलीय. तिथे मी एमएमए शिकवणार आहे. म्हणजे बाबा, कुस्तीच्या पकडी, बॉक्सिंगचे ठोसे, लाथा, सगळं एकाच फडात. आई, मारामारी म्हणू नकोस. म्हण हवं तर, पण आधी वाच.

कंपनीने आयर्लंडला, डब्लिनला पाठवलं होतं, तेव्हा संध्याकाळी "व्यायामाला" जायचे ना, ते हेच. त्या गावाला या खेळाचं वेड आहे. तिथल्या क्रमलिन भागातला लढवय्या कोनर मॅक्ग्रेगर आधी प्लंबिंगचं काम शिकत होता. 2015 मध्ये त्याने तेव्हाचा विजेता जोसे आल्डोला 13 सेकंदांत पाडलं आणि पुढच्या वर्षी एकाच वेळी दोन वजनी गटांचे पट्टे मिळवले. पण त्याचा फोटो माझ्या भिंतीवर लागणार नाही. एका स्त्रीने बलात्काराचा आरोप करून दिवाणी दावा लावला होता, त्यात 2024 मध्ये तिथल्या ज्युरीने त्याच्याविरुद्ध कौल दिला. मला पटला तो त्याचा कोच, जॉन कॅव्हना. इंजिनिअरिंगची पदवी हातात असताना हा माणूस एका शेडमध्ये पोरांना शिकवत बसला. त्याच्याही घरी तुमच्यासारखंच बोलणं झालं असेल.

आणि तिथलाच दुसरा लढवय्या पॅडी होलोहन, डब्लिनजवळच्या टालाचा. रक्त लवकर थांबत नाही असा दुर्मिळ आजार त्याला होता. वर्षानुवर्षं लपवून तो लढत राहिला. 2016 मध्ये ते बाहेर आलं आणि खेळ सोडावा लागला. बाबा, तुमची डायरी बघताना मला तोच आठवला. चिडू नका.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण आज लपवायचं नाही असं ठरवलंय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डब्लिनला लढत झाल्यावर झुआव कार्व्हाल्यु नावाचा पोर्तुगीज लढवय्या दोन दिवसांत गेला. डोक्याला मार. म्हणून माझ्याकडे मुलांनी एकमेकांच्या डोक्यावर मारायला बंदी. आधी पकड, पडायचं कसं ते, सुटायचं कसं ते. मी स्वतः स्पर्धेत उतरणार नाहीये, आईची शप्पथ. (आई, तुझीच शपथ घेतेय म्हणजे खरंच.)

पैशांचं म्हणाल तर आठ महिन्यांचं भाडं बाजूला काढलंय, पीएफला हात लावलेला नाही, तुमचा आरोग्य विमा चालूच आहे. जेवणाचा डबा समोरच्या काकूंकडून येतो. आमटी आईसारखी नाही, पण गरम असते. शेडला पंखे दोन आहेत, संडास स्वच्छ आहे. रात्री नऊला कुलूप लावून घरी.

बाबा, कऱ्हाडच्या जत्रेत तुम्ही मला खांद्यावर बसवून रेवड्यांच्या कुस्त्या दाखवायचात. तुमच्या मानेला तेल-ताकाच्या मातीचा वास असायचा. मी फडात उतरायला निघाले की माझे पाय घट्ट धरून ठेवायचात, "मुली नाही गं खेळत." तेव्हा नव्हत्या खेळत, खरंय. राग नाही माझा. खाशाबा जाधवांची गोष्ट तुम्हीच इतक्या वेळा सांगितलीत, हेलसिंकी ऑलिंपिकला जायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ती, की मला वाटायचं पैलवान व्हायला आधी कुणाचं तरी घर गहाण पडावंच लागतं. माझ्यासाठी कुणाचंच पडणार नाही, निश्चिंत राहा.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नाही. बाबांच्या चहात साखर नाही म्हणजे नाही, "पाहुणे आलेत" हे कारण चालणार नाही. आई, लोणच्याच्या बरणीसाठी स्टुलावर चढायचं नाही, बरणी खाली ठेव. तुझा गुडघा सुजला की ताईला सांग, मला कळतंच. स्थळवाल्यांना सांगताना "नोकरी सोडली" असं म्हणू नका, "स्वतःचं काढलंय" म्हणा. नाहीतर काहीच सांगू नका.

दिवाळीनंतर एसटीने या. पुढची सीट धरा. बाबांनी शेडमध्ये नारळ फोडायचा आहे आणि एक धोबीपछाड पोरांना समजावून सांगायचा आहे, खुर्चीत बसून.

रविवारी फोन करीन. खरा आकडा सांगा. मीही किती मुलं आली ते खरं सांगेन. सध्या चार आहेत. त्यातली एक घरमालकांची नात, फुकट.

तुमची,
चिमी